आधी पाय, मग रंग

जुनी मोटार विकत घेणाऱ्या माणसाचे अभिनंदन करावे की सांत्वन, असा प्रश्न मला अलीकडे वारंवार पडतो. गेल्या दोन वर्षांत आमच्या यवतच्या घरी अशी पाच-सहा तरुण मंडळी येऊन गेली. कुणी बारामतीकडच्या एका वाड्यात पडून असलेली फियाट घेतलेली, कुणी शिरूरच्या बाजूला विहिरीच्या कडेला गंजणारी जीप, तर एकाने मुंबईहून उघड्या टपाची, दोनच माणसांची इंग्रजी स्पोर्ट्स कार ट्रकवर घालून आणलेली. लग्न ठरलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर असते तशी चमक प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होती. चहा झाला की प्रत्येकाचा पहिला प्रश्नही एकच असे, ''काका, रंग कोणता द्यावा?''

माझे उत्तर ठरलेले आहे. रंगाचे नंतर बघू. आधी गाडीखाली सतरंजी टाका, बॅटरी घ्या आणि आडवे होऊन तिचे पाय बघा.

हे शहाणपण मला जन्मजात नव्हते. ते मी आणि माझ्या पुतण्याने रोख पैसे मोजून विकत घेतले आहे. तीस-बत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाने, ज्याने आयुष्यभर लोकांना तारण तपासल्याशिवाय कर्ज दिले नाही, त्याने घरच्या मोटारीच्या बाबतीत काय केले ते सांगितले, तर नव्या मालकांचे थोडे पैसे वाचतील. कदाचित हातपायही वाचतील.

माझे थोरले बंधू, आमचे अण्णा, यवतला डॉक्टर होते. माझ्याहून अठरा वर्षांनी मोठे, त्यामुळे भाऊ कमी आणि वडील जास्त. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून निघून यवतला मुक्कामाला येते. त्या रात्री सारे गाव पिठले-भाकरीच्या गडबडीत असते आणि अण्णा दवाखान्याच्या ओट्यावर बसून वारकऱ्यांच्या पायांना मलमपट्टी करत. कंपाउंडर आलेल्या माणसाचे नाव-गाव विचारू लागला, की ते म्हणत, ''आधी पाय बघ रे, नाव मग लिही.'' हे वाक्य पुढे आम्हाला फार महागात पडायचे होते, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

अण्णांनी १९७३ मध्ये पुण्याहून एक वापरलेली स्टँडर्ड हेराल्ड घेतली. गाडी १९६७ सालची, दोन दारांची, फिकट निळी. त्या काळात देशात प्रवासी मोटार म्हणजे मुख्यतः अ‍ॅम्बॅसडर, फियाट किंवा स्टँडर्ड, या तीन घराण्यांपैकी एक. यवत ते ससून हॉस्पिटल हे चाळीस-बेचाळीस किलोमीटरचे अंतर त्या गाडीने किती वेळा कापले, याचा हिशेब नाही. अडलेल्या बाळंतिणी, साप चावलेले शेतमजूर, गुऱ्हाळाच्या काहिलीत हात भाजलेली पोरे, सगळे त्या मागच्या बाकड्यावर पडून पुण्याला गेले. एक बाळ तर हडपसरच्या अलीकडे गाडीतच जन्मले. आज तो गृहस्थ पन्नाशीला टेकला असून भेटला की सांगतो, ''माझा जन्मदाखला पुण्याचा, पण जन्म हेराल्डचा.''

अशा या साध्या गाडीला मी स्पोर्ट्स कारच्या पंगतीला का बसवतो, तेही सांगायला हवे. इंग्लंडमध्ये स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीने १९५९ मध्ये हेराल्ड आणली. तिचे रूप रेखाटले ते इटलीतल्या तुरीन शहरातल्या जोव्हानी मिकेलोत्ती या कलावंताने. त्या सुमारास बहुतेक कंपन्या सांगाडा आणि शरीर एकत्र जोडलेल्या मोटारी करू लागल्या होत्या. हेराल्डने मात्र जुनी रीत ठेवली. खाली स्वतंत्र लोखंडी सांगाडा, म्हणजे चासी, आणि वर बोल्टांनी बसवलेले शरीराचे भाग. हाच सांगाडा आखूड करून आणि त्याच कुळातले इंजिन मोठे करून कंपनीने १९६२ मध्ये स्पिटफायर नावाची दोन आसनी स्पोर्ट्स कार काढली. ती १९८० पर्यंत बनत राहिली आणि जगभर गाजली. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून हेराल्ड बांधली, ९४८ सीसीच्या इंजिनाची. म्हणजे आमच्या अण्णांची गाडी ही स्पिटफायरची सख्खी मोठी बहीण. पुढचे अख्खे बॉनेट मगरीने जबडा उघडावा तसे पुढच्या बाजूला उलगडते, चाके इतकी वळतात की बैलगाडीच्या जागेत गाडी फिरते आणि चारही चाकांना स्वतंत्र स्प्रिंगांची व्यवस्था. त्यामुळे हेराल्डच्या बाबतीत जे शिकलो, ते स्पोर्ट्स कार घेणाऱ्यालाही जसेच्या तसे लागू पडते.

१९८९ मध्ये अण्णांनी मारुती घेतली आणि हेराल्ड आमच्या गुऱ्हाळाच्या शेडमध्ये जाऊन उभी राहिली. तिथे ती तीस वर्षे उभीच होती. तिच्यावर चिपाडे रचली गेली, कोंबड्यांनी मागच्या बाकड्यावर अंडी घातली. २०१६ मध्ये अण्णा गेले. २०२० च्या टाळेबंदीत सगळेच घरी अडकले, तेव्हा पुतण्याने चिपाडे बाजूला केली आणि मला फोन केला, ''काका, अण्णांची गाडी उभी करू या. वर्षश्राद्धापेक्षा हे बरं.'' मला भरून आले. भरून आलेल्या माणसाने कर्ज मंजूर करू नये, हा बँकेतला पहिला धडा मी विसरलो आणि तीन लाख रुपये पाठवून दिले.

गाडी पुण्यातल्या एका गॅरेजात गेली. गॅरेजचे नाव सांगण्यात अर्थ नाही. आम्ही जे मागितले ते त्यांनी दिले आणि आम्ही रंग मागितला होता. सहा महिन्यांनी ती परतली, तेव्हा गाव बघायला लोटले. टोमॅटोसारखा लाल रंग, चकचकीत बंपर, नवी सीट कव्हरे. इंजिनही सुरू झाले होते. गाडीच्या कप्प्यात अण्णांची एक छोटी काळी वही सापडली होती, ती पुतण्याने देव्हाऱ्याशेजारी ठेवली. वहिनींनी तिला हळदकुंकू वाहिले. ती उघडून वाचावी असे मात्र आमच्यापैकी कुणालाही सुचले नाही.

२०२१ चा दसरा. झेंडूची माळ घालून गाडी निघाली. पुतण्या चालवत होता, शेजारी ऐंशीच्या घरातल्या वहिनी, मागे मी. सोलापूर महामार्गावर थोडे अंतर जाऊन आम्ही परतलो. कंटेनर आणि उसाच्या ट्रॅक्टरांच्या गर्दीतून गाडी झोकात चालली होती. गावात शिरून घराच्या बोळाशी पुतण्याने स्टिअरिंग पूर्ण वळवले आणि कडाड् असा आवाज झाला. पुढचे डावे चाक मोडलेल्या फांदीसारखे आडवे पडले आणि गाडीचे तोंड जमिनीला टेकले. वेग माणसाच्या चालीचा, त्यामुळे कुणाला खरचटलेही नाही. वहिनी खाली उतरल्या, चाकाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ''भाऊजी, हे दहा मिनिटं आधी झालं असतं तर?''

त्या प्रश्नाचे उत्तर मी अजून दिलेले नाही.

त्या रात्री मी अण्णांची वही उघडली. आत पेन्सिलीने बारीक अक्षरात तारखा होत्या. इंजिन तेल बदलले. ब्रेक पाहिले. आणि दर काही महिन्यांनी तीच एक नोंद, शब्दही तेच : 'पुढचे खालचे सांधे. तेल. ग्रीस नको.' हेराल्ड आणि स्पिटफायर या दोघींच्या पुढच्या चाकांना खालच्या अंगाला एक पितळी सांधा असतो, त्याला ट्रनियन म्हणतात. चाक वळते तेव्हा उभा पोलादी दांडा या पितळी सांध्यात आट्यांवर फिरतो. तिथे गिअरचे घट्ट तेल घालावे लागते. ग्रीस आट्यांमध्ये नीट पोचत नाही, पाणी मात्र पोचते. दांडा आतून गंजतो आणि एखाद्या दिवशी, बहुधा चाक पुरते वळलेले असताना, तुटतो. जगभरच्या ट्रायम्फवाल्यांना ठाऊक असलेली ही गोष्ट यवतच्या एका डॉक्टरने पन्नास वर्षांपूर्वी लिहून ठेवली होती. आमचा दांडा तीस वर्षे कोरडा राहून गंजला होता आणि वरून ग्रीसगनने ताजे ग्रीस भरले होते. अण्णांच्या वहीची आम्ही पूजा केली, पण त्यांचे ऐकले नाही.

तेव्हा नव्या मालकांनो, पहिली गोष्ट ही. जुन्या गाडीबरोबर जे कागद, वह्या, पावत्या, पत्रके मिळतील ती आधी वाचा. आधीचा मालक हयात असेल तर पेढे घेऊन त्याच्याकडे जा आणि दोन तास त्याचे बोलणे ऐका. गाडी कुठे रुसते, कुठे गळते, कोणता भाग कधी बदलला हे त्याच्याइतके कुणालाच माहीत नसते. कंपनीची मूळ कार्यपुस्तिका मिळवा. त्यात तेलाची जागा आणि ग्रीसची जागा वेगवेगळी दाखवलेली असते, आणि ती उगीच दाखवलेली नसते.

दुसरी गोष्ट पाहणीची. गाडी अजून घ्यायची असेल, तर खिशात एक साधे लोहचुंबक ठेवा. पत्र्यावरून ते फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुटी आहे. दारांखालच्या पट्ट्या, चाकांच्या कमानी, पायाखालची जमीन आणि डिकीचा तळ या गंजाच्या आवडत्या जागा. हेराल्ड-स्पिटफायरच्या जातीत सांगाड्याच्या मुख्य दांड्यांपासून बाहेर काढलेले आडवे हात असतात, ते आतून कुजतात. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. तो आत गेला, तर भाव करायला बसा किंवा नमस्कार करून निघा. इंजिन बंद आहे म्हणून घाबरू नका, पण सांगाडा कुजला असेल तर जरूर घाबरा. इंजिन बाहेर काढून बाकावर ठेवता येते. सांगाडा सरळ करणारा माणूस शोधावा लागतो.

तिसरी गोष्ट कागदांची. आम्ही दसऱ्याला गाडी रस्त्यावर काढली, तेव्हा तिच्या नोंदणीची मुदत केव्हाच संपलेली होती आणि विमाही नव्हता. हे कबूल करताना माझी मान खाली जाते. चासीवरचा क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक आरसी बुकाशी जुळतो का, हे पैसे देण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मालक वारला असेल तर वारसांच्या सह्या आधी घ्या; घरात भाऊबंदकी असेल तर त्या गाडीचा मोह सोडा. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली आणि चासी, शरीर किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी या नियमांखाली नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये, आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरणे एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. तेव्हा आपल्याला गाडी फिरवायची आहे की जपायची आहे, हे आधी ठरवा. हौसेने मारुतीचे इंजिन आणि रुंद चाके बसवणाऱ्यांनी हा नियम दोनदा वाचावा. त्या हौसेत गाडी व्हिंटेजचा दर्जा गमावून बसते.

चौथी गोष्ट माझ्या धंद्यातली, म्हणजे पैशांची. जुनी मोटार ही गुंतवणूक आहे, असे सांगणारा माणूस बहुधा विकणारा असतो. राजेरजवाड्यांच्या रोल्सरॉइसची गोष्ट वेगळी. आपल्यासारख्यांच्या हेराल्ड, फियाट किंवा छोट्या स्पोर्ट्स कारवर जितका खर्च होतो, तितका विकताना क्वचितच परत येतो. म्हणून हा खर्च प्रवासाच्या किंवा मुलीच्या गाण्याच्या शिकवणीच्या खात्यात धरा. तो आनंदासाठी आहे. एक जाड वही घाला. डाव्या पानावर काम, उजव्या पानावर रक्कम. मेस्त्रीने सांगितलेल्या अंदाजाच्या निम्मी रक्कम आणखी बाजूला ठेवल्याशिवाय पहिला बोल्ट सोडू नका. आमचे तीन लाखांचे काम शेवटी सात लाखांच्या पुढे गेले. त्यातले दीड लाख त्या लाल रंगाचे, जो पुढे खरवडून काढावा लागला. आणि शेवटचे म्हणजे, यासाठी जमीन गहाण टाकू नका. दुसऱ्या खेपेला पुतण्याच्या मनात रस्त्याकडचे दोन गुंठे विकायचे आले होते. वहिनींनी त्याला एवढेच विचारले, ''तुझ्या बापानं ही गाडी जमीन विकून घेतली होती का?'' विषय तिथेच संपला. काम सहा महिने थांबले, उसाचे बिल आले आणि पुन्हा सुरू झाले. गाडी तीस वर्षे थांबली होती, तिला सहा महिन्यांचे काय?

दुसऱ्या खेपेला आम्हाला पुण्याच्या पूर्वभागात एक सत्तरीचे मेस्त्री भेटले. त्यांनी गाडी पाहिली आणि एकही पाना न उचलता दीड तास नुसती छायाचित्रे काढायला लावली. प्रत्येक तार, प्रत्येक नळी, प्रत्येक वॉशर कुठे आहे, कोणत्या बाजूला तोंड करून आहे. मग एकेक भाग सुटू लागला, तसे नट-बोल्ट औषधांच्या रिकाम्या खोक्यांत जाऊ लागले. दवाखान्यामुळे खोक्यांना तोटा नव्हता. प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी. पुतण्याला वाटले होते, लक्षात राहील. मेस्त्री म्हणाले, ''दादा, लक्षात ठेवणाऱ्यांच्याच गाड्या आमच्याकडं पोत्यात भरून येतात.''

त्यांच्याकडून शिकलेला क्रम असा. सर्वांत आधी सांगाडा, मग चाकांचे सांधे आणि स्टिअरिंग, मग ब्रेक. हेराल्डच्या काळातल्या अशा गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकला मिळून एकच तेलवाहिनी असते. एका जागी गळती झाली की चारही चाके मोकळी. म्हणून ब्रेकच्या नळ्या, रबरी होज आणि सिलिंडरांतली रबरे जुनी वापरूच नयेत, कितीही चांगली दिसोत. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते, तेव्हा दर दोन वर्षांनी बदलावे. टायरवरची नक्षी पाहून फसू नये. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख कोरलेली असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तिथे तीनच आकडे असतील, तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे, त्याचा झोपाळा करावा.

इंजिनाचे तंत्र याहून सोपे, फक्त धीर हवा. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीला बॅटरी लावून किल्ली फिरवू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडा, दोन-चार दिवस मुरू द्या आणि मग हाताने फिरवून बघा. अडखळले तर जोर करू नका. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकी धुऊन घ्या, तेल बदला, पाण्याचे मार्ग साफ करा. मगच सेल्फ. तीस वर्षे झोपलेल्या माणसाला दंडाला धरून ओढत उठवत नाहीत, तसेच हे.

विजेच्या तारांचे काम करताना आधी एक पाहा, बॅटरीचे कोणते टोक गाडीच्या अंगाला जोडले आहे. त्या काळच्या अनेक इंग्रजी गाड्यांत धन टोक अंगाला असते, आजच्या उलटे. सवयीने बॅटरी उलटी लावली की नुकसान ठरलेले. तारांच्या रंगांनाही अर्थ आहे. तपकिरी तार थेट बॅटरीची, किल्ली बंद असली तरी जिवंत, पांढरी इग्निशनची, हिरवी किल्लीनंतरच्या उपकरणांची, काळी अंगाला जाणारी. फ्यूज मात्र नाममात्र असतात. म्हणून बॅटरी तोडणारा एक स्विच आणि आसनाजवळ एक छोटे अग्निशामक नळकांडे, एवढा आधुनिकपणा जरूर करावा. मूळपणाच्या हट्टापायी कुणी जळू नये.

आणि पेट्रोलविषयी. आपल्या भीमा-नीरेच्या पट्ट्यातला ऊस कारखान्यात जातो, त्यातून इथेनॉल निघते आणि ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २०२५ मध्ये देशाने वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले. ऊस उत्पादक म्हणून पुतण्याला त्याचा आनंद आहे, मोटारमालक म्हणून धास्ती. साठ सालच्या गाडीची रबरे इथेनॉलसाठी बनलेली नव्हती. ती फुगतात, भेगाळतात आणि गरम इंजिनाशेजारी पेट्रोल ठिबकू लागते. इथेनॉल पाणीही ओढून घेते, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. उपाय अवघड नाहीत. इथेनॉलला टिकणारी नळी घाला, पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची रबरे त्याच दर्जाची घ्या, आणि महिनोन् महिने टाकीत पेट्रोल साठवून गाडी उभी ठेवू नका.

सुटे भाग मिळतात का, असे सगळे विचारतात. मिळतात, फक्त पायपीट हवी. पुण्याचा जुना बाजार, नाना पेठ, मुंबईत कुर्ला आणि मद्रासच्या गाड्यांसाठी चेन्नईतले पुदुपेट. इंग्लंडात १९७७ पासून ट्रायम्फच्या या कुळासाठी खास क्लब आहे आणि हेराल्ड-स्पिटफायरचे नवे भाग तिथे आजही बनतात. आमचे उभे दांडे आणि पितळी सांधे तिथूनच आले. गंमत अशी, की भाग मिळतो, पण तो बसवणारा हात मिळत नाही. हातोडी आणि ठोकळ्यावर पत्र्याला गोलाई देणारा कारागीर, कार्ब्युरेटर कानाने जुळवणारा माणूस, घोड्याच्या केसांचे बाकडे पुन्हा भरणारा कुशनवाला, हे सगळे आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांची मुले संगणकाला वायर लावून नव्या गाड्यांचे दोष वाचतात. त्यात गैर काही नाही, पण या म्हाताऱ्यांचे कसब कुठे लिहिलेले नाही. माझी नव्या मालकांना विनंती आहे. मेस्त्रीच्या मजुरीत घासाघीस करू नका आणि त्याच्याशेजारी जवळच्या आयटीआयचे एखादे पोर बसवा. त्याचा भत्ता तुम्ही द्या. चकाकणाऱ्या बंपरपेक्षा तो खर्च जास्त टिकेल.

आता राहिला रंग. लाल थर खरवडताना डिकीच्या गालिच्याखाली आणि डॅशबोर्डच्या मागे मूळचा फिकट निळा सापडला, जसाच्या तसा. मेस्त्रींनी त्यावरून रंग जुळवला. पण जिथे मूळ रंग शाबूत होता तिथे त्यांनी हात लावू दिला नाही. उजव्या दाराच्या आत अण्णांच्या बॅगेने पडलेला घासाचा पट्टा तसाच आहे. मागच्या बाकड्याचे रेक्झिन बदलायचे ठरले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, ''शिवा, पण बदलू नका. ह्याच्यावर माणसं वाचलीत.'' यवतहून घाट चढून भुलेश्वरला गेलात तर तिथल्या भग्न मूर्ती पाहा. त्यांना सिमेंटची नाके बसवलेली कुणाला आवडतील? नवा रंग केव्हाही देता येतो. जुना रंग एकदा खरवडला की पैसे ओतूनही परत येत नाही.

गाडी २०२४ च्या सुरुवातीला पुरी झाली. कागद व्हायला आणखी काही महिने गेले. आता तिच्यावर 'व्हीए'चा क्रमांक आहे आणि पुढच्या सांध्यांत तेल आहे, ग्रीस नाही. अण्णांच्या वहीत १९८९ नंतर कोरी राहिलेली पाने होती, त्यांवर आता पुतण्याच्या अक्षरात तारखा पडू लागल्या आहेत. वही देव्हाऱ्यातून गाडीच्या कप्प्यात परत गेली.

नियमाप्रमाणे गाडी उगीच भटकायला काढता येत नाही. पण इंधन भरायला जाण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे. त्यामुळे टाकी उतरली, की रविवारी सकाळी आमच्या वहिनी इरकली नेसून, पर्स घेऊन, पुढच्या आसनावर बसतात आणि पेट्रोल भरायला जातात. पुतण्या एका वेळी दोनच लिटर भरतो. टाकीत साठवू नये, असे मेस्त्रींनी सांगितले आहे ना!